एकच रेघ आली, मग पुढे काय?

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, तथा अभियान संचालक,
राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : अनियमित पाळीच्या तक्रारीची उपकेंद्र पातळीवर नोंद, प्राथमिक तपासणी व पाठपुरावा होण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यात, आधी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर एका उपकेंद्रात, मिळून ३१ वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम केले आणि तीन वर्षांपूर्वी नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. सेवेत असताना हे पत्र लिहिले असते तर ते ‘उचित मार्गे’ वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, तेथून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि तेथून कोणत्या तरी फाइलीत गेले असते. आता मला उचित मार्ग उरलेला नाही, म्हणून उघडपणे लिहीत आहे. माझ्या मागे त्याच खुर्चीत बसलेल्या भगिनींनी आणि त्यांच्या भागातील आशाताईंनीही ते वाचावे, हाही हेतू आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी, पावसाळ्यातील एका लसीकरण सत्राच्या शेवटी, मी व्हॅक्सिन कॅरिअरचे झाकण लावत असताना एक बाई बाकीच्या बायका बाहेर पडेपर्यंत दाराशी थांबून राहिली आणि मग मुलीला पुढे करून दबक्या आवाजात म्हणाली, “हिची चार महिने झाले आली नाही.” मुलगी सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी होती. अशा वेळी आमच्या हाताला जे सवयीने सापडते ते म्हणजे निश्चय किट, गरोदरपण तपासायची पट्टी : दोन रेघा म्हणजे गरोदर, एकच म्हणजे नाही. लघवीचा नमुना घेतला, ड्रॉपरने दोन-तीन थेंब पट्टीवर टाकले आणि आम्ही तिघी त्या पट्टीकडे पाहत बसलो. त्या पाच मिनिटांत आईने एकदाही मुलीकडे पाहिले नाही आणि मुलीने शहाबादी फरशीवरची नजर वर उचलली नाही. एकच रेघ आली. आईने कपाळावरचा घाम पदराने टिपला, “सुटले बाई” म्हणाली आणि मुलीला घेऊन निघून गेली. मीही सुटले. साठा नोंदवहीत ‘निश्चय किट १, निगेटिव्ह’ एवढे लिहिले आणि कॅरिअर उचलला.

ती मुलगी दोन वर्षांनी मला बसस्थानकावर भेटली. मधल्या काळात तिचे वजन वाढले होते, बारावी एकदा राहिली होती, आणि शेवटी मामाने संभाजीनगरला नेल्यावर एका डॉक्टरांनी थायरॉइडची रक्ततपासणी केली तेव्हा ग्रंथीचे काम फार मंदावलेले निघाले होते. सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत तिची पाळी रुळावर आली. तिचा जडावलेला आवाज, डोळ्यांखालची सूज, कोरडी पडलेली त्वचा हे सारे त्या दिवशीही माझ्यासमोर होते. मी ते पाहिले नाही, कारण मला एकच प्रश्न विचारायचा होता आणि त्याचे उत्तर पट्टीने दिले होते.

महोदय, माझे म्हणणे याच एका जागेभोवती फिरते. पाळी चुकली असे सांगत आलेल्या स्त्रीला आपली यंत्रणा ‘गरोदर आहे का?’ एवढेच विचारते. दोन रेघा आल्या तर तिच्यासाठी काय नाही? बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, माता बाल संरक्षण कार्ड, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणी, पोर्टलवर नाव, आणि एखादी भेट चुकली तर आशाताई घरी हजर. हे सारे मी स्वतः केले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला घरी होणारी बाळंतपणे आणि आज दवाखान्यात होणारी बाळंतपणे यांतला फरक माझ्या डोळ्यांदेखत पडला आहे. मात्र एकच रेघ आली की तीच स्त्री आमच्या हिशेबातून बाहेर जाते. तिची पाळी का चुकली, हा प्रश्न कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

माझ्या टेबलावर आलेल्या नोंदवह्या मी आजही डोळे मिटून सांगू शकते : पात्र जोडपी, गरोदर माता, प्रसूती, लसीकरण, जन्म-मृत्यू, क्षयरोग संशयित, कुष्ठरोग संशयित, पाणी नमुने, साठा. त्यांपैकी एकाही वहीत पाळी अनियमित असण्याला रकाना नव्हता. पात्र जोडप्यांच्या वहीत पाळीचा संबंध येतो तो ती बाई कोणती पद्धत वापरते, एवढ्यापुरताच. तिचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले की तिच्या नावापुढे ‘कायम पद्धत’ असे पडते, आणि त्यानंतर पाळी जाईपर्यंतची तिची वीस-पंचवीस वर्षे आमच्या दृष्टीने कोरी असतात. आमच्या जिल्ह्यात लग्ने लवकर होतात, बाळंतपणे लवकर आटोपतात आणि ऑपरेशनही लवकर होते, त्यामुळे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी यंत्रणेच्या नजरेआड गेलेल्या बायका मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. किशोरींसाठी तालुक्याला मैत्री क्लिनिक आहे आणि तेथून पाळीच्या तक्रारींचा आकडा वर जातो, हे मला ठाऊक आहे. पण बस बदलून, एक दिवसाची शाळा किंवा मजुरी बुडवून तेथवर पोहोचणारी मुलगी दुर्मीळ, आणि आकडा वर गेल्याने त्या मुलीचे पुढे काय झाले हे कोणालाच कळत नाही.

येथे थोडे विषयांतर करते, कारण ते उपयोगाचे आहे. ‘शेवटच्या पाळीची तारीख’ हा रकाना गरोदर मातांच्या वहीत पहिल्याच ओळीत असतो आणि तो भरण्यात आमची निम्मी हुशारी खर्च होते. खेड्यातील बाई ५ सप्टेंबर असे सांगत नाही. ती म्हणते, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी,” “गेल्या एकादशीला न्हाले,” “बाजाराच्या आदल्या रोजी.” मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून पोळा कधी होता ते पाहायचे, एकादशी कोणती ते विचारायचे आणि तारीख काढायचे, बहुतेकदा ती एक-दोन दिवसांच्या फरकाने बरोबर निघायची. म्हणजे बायकांना आठवत नाही, त्या अडाणी आहेत, असे जे आपल्या बैठकांत बोलले जाते ते खरे नाही. त्यांना नीट आठवते, फक्त ते आपल्या भाषेत आठवत नाही. गेल्या सहा पाळ्या कधी आल्या हे विचारणारी कोणी भेटली तर त्या सांगतात. मी माझ्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत, कोणी न सांगता, एका दोनशे पानी वहीत हे विचारून लिहायला लागले होते, आणि त्या वहीने मला जे शिकवले ते आधीच्या अठ्ठावीस वर्षांत मला कळले नव्हते.

सगळ्यात आधी कळले ते असे की ‘अनियमित’ हा एक शब्द अनेक वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. प्रौढ स्त्रीची पाळी २४ ते ३८ दिवसांच्या अंतराने येणे आणि आठ दिवसांपर्यंत चालणे हे सर्वसाधारण मानले जाते. बत्तीस दिवसांनी येते म्हणून घाबरलेल्या बाईला ‘तुझे सारे ठीक आहे’ एवढे सांगणे हाही उपचारच असतो, आणि तो फुकट असतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अंतर मागेपुढे होणे शरीराच्या घडणीतच असते. चाळिशीच्या पुढे पाळी जाण्याआधीची चार-पाच वर्षेही अशीच डगमगती असतात. दुसऱ्या बाजूला, तीन-चार महिने न येणारी पाळी, महिन्यातून दोनदा येणारी पाळी, गाठी पडत दहा-बारा दिवस चालणारी पाळी, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर दिसणारे रक्त आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लागलेला डाग, या पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत. यांतील शेवटच्या दोन तक्रारी ऐकल्यावर त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवायला हवे. आमच्याकडे या सर्वांना मिळून एकच उत्तर होते : “रक्त कमी असेल, लाल गोळ्या घे.”

लाल गोळ्यांचेही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. आपण शाळेत आठवड्याला निळी गोळी देतो, मातांना लाल गोळी देतो, हिमोग्लोबिन मोजतो, तिरंगी थाळीची चित्रे लावतो. पण ज्या बाईचे हिमोग्लोबिन तीनदा गोळ्या देऊनही आठच्या वर जात नाही, तिला ‘दर महिन्याला किती दिवस जाते, दिवसाला किती कपडे बदलतेस?’ हे विचारल्याचे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले. हंडा गळका आहे की नाही हे न पाहताच आपण वर्षानुवर्षे पाणी ओतत आहोत.

आता आमच्या जिल्ह्याचे जे नाव झाले त्याविषयी. ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचा जिल्हा’ म्हणून २०१९ मध्ये आमच्याकडे देशभरातून कॅमेरे आले. त्याच वर्षी विधिमंडळात सांगण्यात आले की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली होती. त्यानंतर नेमलेल्या समितीसमोर ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली, त्यांतील १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. मजूर नेणारा मुकादम, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल, कामाच्या एका खाड्याचा दंड, नवरा-बायको मिळून मोजला जाणारा एक कोयता, हे सारे तेव्हा पुष्कळ छापून आले आणि ते खरेच आहे. दसरा-दिवाळीपासून पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचे, पहाटे काळोखात फडात उतरायचे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, आणि हे सारे करताना बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अशा बाईला पाळी ही आपल्याच शरीराने घातलेला खाडा वाटू लागते. मात्र या सर्व चर्चेत एक दुवा सुटून गेला, तो असा की त्या बाईच्या पाळीला आधी काहीतरी झालेले असते आणि ते तिने शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधी कोणाला तरी सांगितलेले असते.

माझ्या भागातील अशा एका बाईची फाइल मी वाचली आहे. वय २९, तीन मुले, बाविसाव्या वर्षी कुटुंब नियोजन. वर्षभर महिन्यातून दोनदा अंगावरून जात होते. हंगामावर जाण्याआधी ती तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात गेली. तेथे सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले आणि मुकादमाकडून उचल वाढवून घेऊन आठ दिवसांत पिशवी काढली गेली. फाइलमध्ये शस्त्रक्रियेआधीचे हिमोग्लोबिन ७.२ होते. गर्भाशयमुखाची व्हिनेगरसारख्या द्रावाने करायची साधी तपासणी, जी आपल्याच कार्यक्रमात आहे, ती नव्हती. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासलेला नव्हता. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्यांचा एकही कोर्स नव्हता. तोंडाला जखम म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा आतले लालसर अस्तर बाहेर दिसणे असते आणि त्याने कॅन्सर होत नाही, हे मला नंतर एका सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी समजावले. ती बाई आज पस्तिशीच्या आत आहे. तिच्या अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, आणि हाडे दुखतात म्हणून ती आता मोळी उचलू शकत नाही. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले होते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते; मी फाइल वाचून सांगितले.

त्या दवाखान्यावर बोट ठेवणे सोपे आहे. पण ती बाई त्या वर्षात माझ्या उपकेंद्रात चार वेळा येऊन गेली होती, धाकट्याच्या औषधासाठी. तिच्या नावापुढे ‘कायम पद्धत’ होते, म्हणून तिला मी काही विचारले नाही आणि तिनेही आपणहून काढले नाही. सांगण्यासारखी जागा तिला तालुक्याच्या त्या दवाखान्यातच सापडली.

२०१९ नंतर आमच्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले, ऊसतोड स्त्रियांच्या हंगामाआधी व नंतर तपासण्या ठरल्या. केंद्र शासनाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. हे सगळे व्हायलाच हवे होते. फक्त एवढेच निदर्शनास आणते की हे सगळे पहारे ऑपरेशन थिएटरच्या दारात बसवलेले आहेत. परवानगी नाकारली गेलेल्या बाईचा रक्तस्राव त्या नकाराने थांबत नाही. ती कागद घेऊन घरी येते, पुन्हा फडावर जाते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन तेच करून येते. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्यांनी गर्भाशय काढल्याचे सांगितले, त्यांतील निम्म्याहून अधिक जणींनी कारण म्हणून अतिरक्तस्राव किंवा वेदना हेच दिले आहे. या तक्रारींवर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, अस्तराची तपासणी आहे. त्या तक्रारी वेळेत कोणी ऐकल्या असत्या तर त्यांतील किती शस्त्रक्रियांपर्यंत पोहोचल्या असत्या, याचा हिशेब आपल्याकडे असायला हवा होता.

पाळी बिघडण्यात आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांचाही वाटा असतो, आणि हे मी आरोग्य खात्याची माणूस म्हणून सांगते आहे. २०१७ पासून आपण गर्भनिरोधनासाठी ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी मोफत देतो. दोन्ही चांगल्या पद्धती आहेत. अंतराने पहिल्या काही महिन्यांत अवेळी डाग लागतात आणि पुढे पुष्कळ जणींची पाळी थांबते. छायाने पाळी लांबते. कॉपर-टीने सुरुवातीला जास्त जाते. प्रशिक्षणात हे आम्हाला शिकवतात, पण लक्ष्याचा आकडा गाठण्याच्या घाईत बाईला सांगताना ‘थोडे मागेपुढे होईल’ एवढ्यावर भागवले जाते. मग तिची पाळी थांबते, सासू म्हणते घाण रक्त पोटात साचले, आणि बाई तीन महिन्यांनी दुसऱ्या इंजेक्शनला येत नाही. रक्त कुठे साचत नाही, अस्तरच पातळ राहिल्याने बाहेर पडायला काही नसते, हे सांगायला मला दोन मिनिटे लागायची. ती दोन मिनिटे ज्यांना मी दिली त्या बहुतेक परत आल्या. ज्यांना दिली नाहीत त्या एखाद्या औषध दुकानात ‘पाळी आणायच्या गोळ्या’ मागताना आढळल्या.

औषध दुकानाचा विषय निघालाच आहे तर महालक्ष्म्यांच्या आधीचा आठवडा आठवतो. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठांच्या सणात घरातील बाई अडचणीत असणे म्हणजे मोठे संकट मानतात, त्यामुळे भाद्रपद लागला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचे पत्तेच्या पत्ते विना चिठ्ठीचे खपतात. एकदा कधीतरी, डॉक्टरांना विचारून घेतल्याने बहुतेकींचे काही बिघडत नाही. पण महालक्ष्म्या, मग नवरात्र, मग पुतण्याचे लग्न, मग वारी, असे वर्षातून पाच-सहा वेळा मनाने गोळ्या घेणाऱ्या बाईची पाळी कोणती खरी आणि कोणती गोळीची हे तिलाच सांगता येईनासे होते. ज्यांच्या पायाला पूर्वी रक्ताची गाठ झाली होती अशा बायकांनी तर त्या मनाने घेऊच नयेत. मी देवाधर्माविरुद्ध बोलत नाही. माझ्याही घरी महालक्ष्म्या बसतात. त्या दिवसांत हात लावला तर काय होते, हे माझ्यापुरते मी केव्हाच ठरवले आहे आणि अजून तरी काही झालेले नाही.

मुलींच्या बाबतीत अलीकडे एक नवे दुखणे मी पाहते. पूर्वी पाळी चुकणाऱ्या मुलीला ‘लग्न झाले की होईल नीट’ असे सांगत. आता तालुक्याला सोनोग्राफी केंद्रे झाल्याने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात ‘पीसीओडी’ (बीजांडकोशात लहान फुगे दिसून पाळी बिघडण्याचा विकार) लिहिलेला कागद येतो, आणि त्याचा अर्थ घरात ‘हिला मूल होणार नाही’ असा लावला जातो. परिणाम दोन्हींचा एकच : तिचे लग्न घाईने उरकले जाते. या वयात बीजांडकोशात अनेक लहान फुगे दिसणे नेहमीचे असल्याने, पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. ज्यांना हा विकार खरोखर असतो त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना मूल होते, काहींना औषधांची मदत लागते. त्यांच्यासाठी खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही : महिनोन्‌महिने पाळी न आल्याने अस्तर जाड होत जाते, आणि मधुमेहाची शक्यता वाढते. म्हणून तिची पाळी ठराविक काळाने येते आहे ना हे पाहणे, वजन आणि साखर तपासणे, हे वर्षानुवर्षे करायचे काम आहे, आणि वर्षानुवर्षे घरोघर जाणारी व्यवस्था या राज्यात आपल्याशिवाय कोणाकडेच नाही. एका शाळेतील सत्रात मी मुलींना नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या. एका चिठ्ठीत पेन्सिलीने लिहिले होते, ‘मॅडम माझी चार महिन्यांनी येते पण आईला सांगू नका.’ मी पॅडची पाकिटे वाटून परत आले. त्या चिठ्ठीवर उत्तर द्यायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हते. ‘अस्मिता’ योजनेत पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागले ही मोठी सोय झाली, पण ज्या मुलीला पाळीच येत नाही तिने पॅडचे काय करावे?

महोदय, माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. उपकेंद्रात पाळीच्या तक्रारींची स्वतंत्र नोंद असावी आणि ती स्त्री विवाहित, अविवाहित, ऑपरेशन झालेली किंवा विधवा असली तरी तीत बसावी. निश्चय किट निगेटिव्ह आले की प्रकरण बंद न होता तेथूनच पुढची पायरी सुरू व्हावी : गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, किती दिवस, किती कपडे किंवा पॅड, कोणती गर्भनिरोधक पद्धत, कोणत्या गोळ्या, वजनातील बदल, चेहऱ्यावरील केस, स्तनातून पाण्यासारखा स्राव, घरात कोणाला क्षयरोग. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला आहे, कारण गर्भाशयाच्या अस्तराचा क्षयरोग आपल्या देशात आजही पाळी कमी होण्याचे आणि मूल न होण्याचे कारण असतो, आणि आपण मात्र क्षयरोग म्हटले की थुंकीच शोधतो. त्याबरोबर हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची रक्ततपासणी या तक्रारीसाठी म्हणून नेमून द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था आपल्याकडे आहेच, चिठ्ठीवर कोणती तपासणी लिहायची एवढेच ठरायचे आहे. ९ तारीख जशी गरोदर मातांची झाली, तसा महिन्यातील एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञांनी या बायकांसाठी बसावे, आणि तो दिवस हंगामाच्या आधीच्या भाद्रपद-आश्विनात महिन्यातून दोनदा असावा. पिशवी काढण्याची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत उपकेंद्राच्या या नोंदीची प्रत जोडणे सक्तीचे करावे. परवानगी नाकारली तर तो नकार त्याच दिवशी उपकेंद्राला कळावा, म्हणजे त्या बाईच्या घरी कोणीतरी जाईल आणि तिला पुढचा उपचार सुरू होईल.

यावर माझ्याच भगिनी सर्वप्रथम नाराज होतील, हे मला ठाऊक आहे. वह्यांची संख्या, पोर्टल, ॲप, ऑनलाइन बैठका आणि त्यात नेटवर्क नाही. अशात आणखी एक वही कोण मागतो आहे, तर निवृत्त झालेली बाई. त्यांचा राग रास्त आहे. म्हणून ही वही आशाताईंच्या मोबदल्यात धरावी. गरोदर मातेच्या नोंदणीला जसे पैसे आहेत, तसे या नोंदीच्या तीन पाठपुरावा भेटींनाही असावेत. आणि जुन्या, कोणी न वाचणाऱ्या दोन नोंदी बंद कराव्यात. कोणत्या ते विचाराल तर मी सांगेन, फक्त खुल्या पत्रात नको.

आणखी एक विनंती अशी की या नोंदीवरून कोणाला लक्ष्य देऊ नये. ‘दरमहा वीस अनियमित पाळीच्या केसेस शोधा’ असा आदेश निघाला की वीसच सापडतील आणि त्या वह्यांतच सापडतील. आम्ही कशा भरतो ते आम्हालाच माहीत.

माझी दोनशे पानी वही मी जपून ठेवली आहे. तीतील नावे कोणालाही द्यायची नाहीत असे मी त्या बायकांना सांगितले होते, त्यामुळे वही पाठवत नाही. तिच्यावरून आखलेला एका पानाचा नमुना मात्र आपल्या कार्यालयाकडे टपालाने स्वतंत्रपणे पाठवला आहे. त्यात तारखेचा रकाना मुद्दाम दुहेरी ठेवला आहे : उजवीकडे तारीख, आणि डावीकडे बाईने जे सांगितले ते, पोळा, एकादशी किंवा बाजाराचा दिवस, तिच्याच शब्दांत लिहायला जागा.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त आरोग्य सेविका
जिल्हा बीड